मदत हवी आहे: उपसर्ग क्रियापद सोडून पळतो, त्याला धरायचं कसं?

नमस्कार मंडळी,

चार महिने जर्मन शिकतेय. काल एका गोष्टीत वाक्य आलं, 'एर ह्योर्ट निश्त आउफ'. शब्दकोशात 'ह्योरेन' म्हणजे ऐकणे. मी बिनधास्त अर्थ लावला, तो ऐकत नाही. पुढची दोन पानं काही म्हणता काही जुळेना. मग कळलं की शेवटचा 'आउफ' हा त्याच क्रियापदाचा सुटून गेलेला उपसर्ग आहे. मूळ शब्द 'आउफह्योरेन', म्हणजे थांबणे. तो थांबत नाही!

बरं, सगळेच पळतात असंही नाही. 'फेरश्टेहेन' (समजणे) मधला 'फेर' जागचा हलत नाही. आपण शाळेत शिकलो की शब्दाच्या आधी लागून अर्थ बदलतो तो उपसर्ग. प्रहार, आहार, विहार. यातला एकही असा भटकत नाही. मग सुटणारे कोणते हे ओळखायचं कसं, की सरळ पाठच करायचं? आणि सुटतो त्याला उपसर्ग म्हणावं तरी का?

जाता जाता: हौसेनं स्वाहिलीही चाळतेय. पुस्तक म्हणजे 'किताबु', अनेकवचन 'विताबु'. अरबी 'किताब'चा 'कि' यांनी उपसर्ग समजून कापला की काय?

प्रतिसाद १
पाठ करू नका, मोठ्यानं म्हणा. जोर उपसर्गावर पडला तर तो सुटतो, धातूवर पडला तर चिकटून राहतो. 'बे, गे, एर, फेर, एन्ट, त्सेर' यांच्यावर जोर येत नाही, म्हणून ते कधीच सुटत नाहीत. खरी गंमत 'उमफारेन'मध्ये आहे. जोर 'उम'वर दिला तर अर्थ गाडीनं उडवणे, 'फा'वर दिला तर वळसा घालून जाणे. 'इश फारे इन उम' म्हणजे मी त्याला उडवतो. 'इश उमफारे इन' म्हणजे मी त्याला चुकवून जातो. जोर चुकला तर समोरच्याचा जीव जायचा!
आणि वाचताना क्रियापद दिसलं की आधी वाक्याच्या शेवटाकडे डोकवायचं, मगच शब्दकोश उघडायचा.

प्रतिसाद २
'भटकत नाही' हे आजच्या मराठीपुरतं खरं. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातली दुसरी ऋचा बघा: 'स देवाँ एह वक्षति'. संधी सोडवला की 'आ इह वक्षति'. तो देवांना इकडे आणो. 'आ' हा 'वह्' धातूचा उपसर्ग, तोच आपल्या 'आवाहन'मधला, पण मध्ये 'इह' येऊन बसलाय. पाणिनीनं याची नोंद केली आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतात (१.४.८०), पण वेदात नंतरही येतात (१.४.८१) आणि मध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात (१.४.८२). म्हणजे जर्मन 'आउफ' काही जगावेगळं करत नाही. हे शब्द मुळात सुटेच होते, नंतर चिकटले. आपल्याकडे पक्के चिकटले, तिकडे अर्धे.
व्याख्येबद्दल थोडं: संस्कृतात उपसर्ग म्हणायचं ते क्रियेशी जोडलेल्यांनाच, आणि ते मोजून २२. 'अज्ञान'मधला 'अ' त्या यादीत नाही, तिथे नञ् (नकार दाखवणारा) समास मानतात. बेजबाबदार, गैरहजर, नापसंत यांतले तर फारसीतून आले. शाळेच्या पुस्तकानं सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रतिसाद ३
स्वाहिलीचा अंदाज बरोबर आहे. 'किसु' सुरी, 'विसु' सुऱ्या. 'किताबु' आयताच त्या साच्यात बसला. विशेषणही तसंच चालतं: किताबु किझुरि, विताबु विझुरि. चांगलं पुस्तक, चांगली पुस्तकं.
पण हे उपसर्ग 'प्रहार'वाल्या जातीचे नव्हेत. 'निलिकिओना' फोडा: नि = मी, लि = भूतकाळ, कि = ते (पुस्तक), ओना = पाहणे. मी ते पाहिलं. आता मराठीत बघा, पुस्तक पाहिलं, वही पाहिली. कर्माची खूण आपणही क्रियापदावर लावतो, फक्त शेपटाला. त्यांचं काम तोंडाशी चालतं. जगात आपल्यासारखेच जास्त. भाषाशास्त्रज्ञ मॅथ्यू ड्रायर यांनी ९६९ भाषा तपासल्या, त्यात रूपं चालवताना मुख्य भार प्रत्ययांवर टाकणाऱ्या ४०६ निघाल्या, उपसर्गांवर टाकणाऱ्या अवघ्या ५८.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. 'एह वक्षति' लहानपणापासून म्हणतेय, आत 'आवाहन' लपलंय हे आज कळलं.
जोराचा नियम लावून बघितला. 'यूबरझेत्सेन' म्हणजे भाषांतर करणे. जोर 'झेत्स'वर, म्हणून सुटत नाही: 'इश यूबरझेत्से'. कोशात दुसरा अर्थ दिलाय, नावेतून पलीकडे नेणे. तिथे जोर 'यू'वर असेल आणि 'इश झेत्से यूबर' होईल. बरोबर ना?

प्रतिसाद १
बरोबर. आता ती गोष्ट पहिल्या पानापासून वाचा.