मदत हवी आहे: उरणमध्ये आईसाठी २४ तास नर्स (तातडीचे)

मोरा_बंदर
आईचा डिस्चार्ज होऊन सहा दिवस झाले. मी नेरूळला राहतो, आईसाठी उरणच्या घरी २४ तास नर्स हवी आहे. नर्स पुरवणाऱ्या चार ब्युरोंना फोन करून झाले. नेरूळचा पत्ता सांगितला की "उद्या पाठवतो" म्हणतात. उरण म्हटलं की "बघून कळवतो", आणि नंतर फोन उचलत नाहीत. एका ब्युरोने बाई पाठवली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उचलून निघून गेली. अॅडव्हान्स अडकलाय तो वेगळाच. माझी रजा रविवारपर्यंत आहे. कोणाकडे खात्रीचा नंबर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वृद्धाश्रमाचे सल्ले नकोत.

आंबटगोड
आईंना झालंय काय? वय किती? चालतात का? एवढंही न सांगता नर्स कशी सुचवायची?

मोरा_बंदर
खुब्याचं ऑपरेशन. ७६. वॉकरने चालते, धरावं लागतं. नंबर आहे का?

निवृत्त_आणि_निवांत
७० च्या वर आहेत म्हणजे आयुष्मान वयवंदना कार्ड ताबडतोब काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत उपचार. आधार कार्ड पुरतं. मी आमच्या सोसायटीतल्या अकरा जणांची काढून दिली.

केळफूल
काका, ते दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही. त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय.

निवृत्त_आणि_निवांत
कार्ड काढून ठेवायला काय हरकत आहे? उद्या परत भरती व्हावं लागलं तर?

केळफूल
शुभ बोला हो.

सिस्टर_कळंबोली
मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स) आहे, वीस वर्षं वॉर्डात काढली. मोरा_बंदर, तुम्हाला नर्स कशासाठी हवी आहे ते लिहा. इंजेक्शन चालू आहे का? टाके निघाले का? लघवीची नळी आहे का? नाकात नळी? २४ तास नर्स सहसा सक्शन (यंत्राने कफ ओढणं) किंवा ट्रॅकिओस्टोमीच्या (गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी घातलेल्या) पेशंटला लागते. वॉकरने चालणाऱ्या आजींना लागते ती आया, म्हणजे धरून नेणारी, अंघोळ घालणारी, रात्री उठणारी. दोघींच्या पगारात दुपटीचा फरक पडतो. आणि ब्युरोवाले "नर्स" म्हणून जिला पाठवतात ती पुष्कळदा आयाच असते. नर्स म्हणून पैसे घेत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा.

मोरा_बंदर
धन्यवाद ताई. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन आहे, पोटावर, दिवसातून एकदा. टाके परवा काढायचे आहेत. लघवीची नळी आहे, ते लिहायचं राहिलं.

सिस्टर_कळंबोली
राहिलं कसं! वॉकरने चालतायत तर नळी अजून का आहे, हे उद्याच सर्जनना फोन करून विचारा. नळी जितके दिवस राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कारण असेल तर ते सांगतील, नसेल तर काढतील. स्वतः ओढू नका, आत फुगा असतो. तोपर्यंत पिशवी कमरेच्या खाली राहू दे, पण जमिनीला टेकू देऊ नका. इंजेक्शनसाठी रोज पाच मिनिटं येणारं माणूस पुरतं. तुमच्याच डॉक्टरांकडच्या सिस्टर किंवा कंपाउंडर येतील, नाहीतर तुम्ही शिका, अवघड नाही.

हाडाचा_वैद्य
कांडवेलीचा लेप लावा, हाड जुळतं म्हणतात. आमच्या आजोबांचा हात असाच बरा झाला.

सिस्टर_कळंबोली
ओल्या जखमेवर कृपा करून काहीही लावू नका.

देवगडी
ब्युरोच्या नादी लागूच नका. महिन्याच्या पगाराएवढं कमिशन घेतात आणि बाई पळाली की "दुसरी पाठवतो" म्हणून आठ दिवस झुलवतात. गावातलीच बाई बघा. ग्रामीण रुग्णालयाच्या बाहेरचा मेडिकलवाला, आशाताई, बचत गट, यांच्याकडे विचारा. माझ्या सासूबाईंना बदलापुरात अशीच मिळाली, तीन वर्षं टिकली.

केळफूल
आणि गणपतीत ती गावाला गेली तेव्हा कोणी केलं?

देवगडी
माझ्या बायकोने.

केळफूल
बघा! ब्युरो निदान बदली तरी देतो. आमच्याकडे वाशीला दोन वर्षं ब्युरोची ताई होती, एकदाही खाडा नाही.

देवगडी
वाशी म्हणजे उरण नव्हे. तुर्भ्याची बाई वाशीला चालत येईल. उरणला यायचं म्हणजे गाडी बदला, स्टेशनवरून रिक्षा करा, आणि परतीची चुकली की बसा तासभर.

फास्ट_लोकल
उरणची गाडी नेरूळहूनही सुटते आणि बेलापूरहूनही. जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढची लाईन सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात जाऊन आलो. खाडीचा देखावा सुंदर आहे!

भाऊचा_धक्का
देखावा बघायचा तर मोऱ्याची लाँच. अवांतर: पावसाळ्यात समुद्र खवळला की बंद असते.

आंबटगोड
लोकहो, इथे एक आजी अडकल्या आहेत.
मोरा_बंदर ताई, ती बाई का गेली ते तुम्ही सांगितलंच नाही. तेच महत्त्वाचं आहे.

मोरा_बंदर
ताई नाही, दादा. आईची सेवा म्हटलं की बाईच लिहीत असणार असं का वाटतं कोणास ठाऊक. का गेली माहीत नाही. "मला जमणार नाही" एवढंच म्हणाली.

सिस्टर_कळंबोली
दादा, घर कसं आहे? संडास आत आहे का? घरात आणखी कोण असतं?

मोरा_बंदर
जुनं घर आहे. संडास मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून, भारतीय पद्धतीचा. घरात बाबा असतात. ८१, ऐकायला कमी येतं, बाकी ठणठणीत.

आंबटगोड
मग बाबांचं जेवणखाण कोण बघतं?

मोरा_बंदर
तीच बघणार होती ना. दिवसभर घरात आहे तर दोन माणसांचं जेवण टाकायला काय? बाबांना मासळी लागते, तीही घरात आणलेली असतेच, फक्त साफ करायची.

आंबटगोड
मिळालं उत्तर.

केळफूल
ब्युरोला हे सांगितलं होतं का?

मोरा_बंदर
त्यात काय सांगायचं? घर आहे, जेवण असणारच.

सिस्टर_कळंबोली
दादा, रागावू नका. पेशंट एक सांगून तिच्या गळ्यात दोन माणसं घातलीत, वर स्वयंपाक आणि मासळी. रात्री आजींना तीनदा उठवायचं, दोन पायऱ्या उतरवायचं, आणि सकाळी बोंबील साफ करायचे. मीही पिशवी उचलली असती. शिवाय खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भारतीय संडासात बसवायचंच नाही, सांधा निखळू शकतो. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असेल, वाचा. खाटेशेजारी कमोड खुर्ची आजच आणा, भाड्यानेही मिळते. खुर्ची उंच हवी, मांडी घालून बसणं बंद, झोपताना पायांच्या मध्ये उशी.

मोरा_बंदर
कागद वाचला. लिहिलंय. आईला दोन वेळा मागे नेलं होतं.
खुर्ची घेऊन येतो.

निवृत्त_आणि_निवांत
१४५६७ ला फोन करा, ज्येष्ठांची हेल्पलाईन, फुकट. सकाळी ८ ते रात्री ८.

देवगडी
माहिती देतात, बाई पाठवत नाहीत. पण या वेळी काकांनी निदान विषयाला धरून लिहिलं.

वाळवंटातला_उंट
एवढं करण्यापेक्षा दोघांना नेरूळला का आणत नाही?

मोरा_बंदर
नेरूळला तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि बाबा उरण सोडत नाहीत. विचारून झालंय, दर वर्षी एकदा विचारतो.

उंबरठा
फिजिओ लावलाय का? त्याशिवाय सगळं फुकट. डी. वाय. पाटीलचं फिजिओथेरपी कॉलेज तुमच्या नेरूळलाच आहे, कामोठ्याला एमजीएमचंही. उरणला घरी जाणारं कोणी माहीत आहे का, तिथे चौकशी करा.

मोरा_बंदर
(पाच दिवसांनी) सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, वेळ नाही. नळी मंगळवारी काढली. सर्जन म्हणाले, डिस्चार्जच्या दिवशीच काढायची होती, राहून गेली. टाके काढायला आलेल्या सिस्टरांनी जवळच्या करंजा गावातल्या एक बाई सुचवल्या. सकाळी ८ ते रात्री ८, रोजचे ८००, काम फक्त आईचं. या वेळी सगळं कागदावर लिहून दिलं, आधारची प्रत घेतली, पोलीस पडताळणीचा अर्ज केलाय. बाबांना शेजारच्या वहिनींकडून डबा लावला. बाबा म्हणतात कालवणात चिंच जास्त असते. इंजेक्शन मीच देतो, पहिल्या दिवशी माझाच हात आईपेक्षा जास्त थरथरत होता. रात्री सध्या मी झोपतो आणि पहाटे निघतो.

फास्ट_लोकल
पहाटेची कुठली गाडी पकडता?

केळफूल
८०० ठीक आहे. आठवड्याची सुट्टी ठरवलीत का?

मोरा_बंदर
तेच राहिलंय. रविवारी त्या येत नाहीत. मला महिन्यातले दोन रविवार ड्युटी असते. उरण, करंजा, द्रोणागिरी, चिरनेर, इथली कोणी रविवारची बदली करत असेल तर व्यनि करा. फक्त आईचं काम, कमोड खुर्ची आहे, मासळी नाही.