मदत हवी आहे: कोलाडला राफ्टिंग आणि नदीकाठी मुक्काम

नमस्कार मंडळी,

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही ११ जण पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोलाडला जायचं म्हणतोय. शनिवारी कुंडलिका नदीच्या काठी तंबूत मुक्काम आणि रविवारी सकाळी राफ्टिंग. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सोडलं की नदीला जोर येतो आणि ते सकाळीच सुटतं, एवढं माहीत आहे. म्हणूनच आदल्या दिवशी पोहोचायचं ठरवलंय. पण रविवारी विजेची मागणी कमी असते, तेव्हा पाणी कमी सोडतात का? कोणी रविवारी गेलं असेल तर नक्की सांगा.

खरी काळजी वेगळीच आहे. आमच्यातल्या चौघांना पोहता येत नाही, त्यात माझी धाकटी बहीण. लाइफ जॅकेट असतं हे खरं, पण राफ्ट उलटली तर न पोहणाऱ्याने नेमकं काय करायचं, हे तिथे आधी नीट करून दाखवतात का? बरोबर बचावासाठी कयाकवाला (छोट्या निमुळत्या होडीतला माणूस) असतो का? बुकिंग करताना आणखी काय विचारून घ्यावं?

शिवाय भाचा १३ वर्षांचा आहे. बहुतेक ठिकाणी १४ च्या खाली घेत नाहीत म्हणे. त्याला काठावर एकटं ठेवायचं मन होत नाही.

तंबूत रात्री थंडी कितपत असते?