प्रतिसाद: बॅकअप अर्ध्यात अडकतो, डिस्क एररचं काय करायचं?

वर कुणीतरी एक्स्टर्नल डिस्क फॉरमॅट करायला सांगितलंय, पण तुमचा विंडोजचा बॅकअप अर्ध्यात थांबताना स्क्रीनवर येणारा मेसेज 'आय/ओ डिव्हाइस एरर' असा आहे. म्हणजे एकतर वाचताना किंवा लिहिताना अडतंय. बॅकअप दर वेळी साधारण त्याच टक्क्याला थांबत असेल, तर मला संशय कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कचाच येतो.

आधी फोटो आणि टॅलीचा डेटा साधं कॉपी-पेस्ट करून बाहेर काढा. मगच चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड). लोक उलटं करतात. तिला 'स्लॅश आर' हा पर्याय लावला की ती अख्खी डिस्क सेक्टर-सेक्टर, म्हणजे तुकड्या-तुकड्याने, वाचते. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो. सी ड्राइव्ह असेल तर ही तपासणी रीस्टार्टच्या वेळी सुरू होईल, मोठ्या डिस्कला रात्रभरही लागू शकते. आमच्या नाशिकच्या सिडकोत दुपारी लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच. निकाल विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदी बघायचं टूल), ॲप्लिकेशन लॉगमध्ये 'विनइनिट' नावाखाली सापडतो.

शिवाय क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर'ची रॉ व्हॅल्यू शून्य नसेल, तर डिस्कला वाचता न आलेले सेक्टर आहेत. तो आणि 'रीअ‍ॅलोकेटेड'चा (खराब म्हणून बदललेल्या सेक्टरचा) आकडा वाढतच असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवीन एसएसडी घ्या. फक्त 'सीआरसी एरर' (डेटा इकडून तिकडे जाताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर मात्र आधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदला, स्वस्तात सुटाल.

कॅनडा कॉर्नरला (नाशिकमध्येच) दुकानात दाखवायला नेणार असाल तर डेटा काढल्याशिवाय 'फॉरमॅट मारून देतो'ला हो म्हणू नका.