लाभार्थी यादीत अख्खा आधार नंबर : तक्रार नेमकी कुठे करायची? (सोलापूर)

मदत हवी आहे. आमची आई बिडी कामगार, पूर्व भागात राहतो. एका सरकारी योजनेची लाभार्थी यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागली आहे. त्यात नाव, मोबाईल, बँक खातं आणि आधारचे बाराच्या बारा आकडे. कुणीतरी फोटो काढला, दुपारपर्यंत तो गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता.

खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, "यादी लावावीच लागते, पारदर्शकता असते." यादी लावा की, नको कोण म्हणतंय? पण शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाकता येतात. शिवाय 2016 च्या आधार कायद्याच्या कलम 29(4) प्रमाणे आधार नंबर असा जाहीर लावता येत नाही.

आतापर्यंत केलेलं: आईचं बायोमेट्रिक लॉक केलं, बँकेला कळवलं. ग्रुपवरचा फोटो ॲडमिननं काढला, पण डाऊनलोड झालेल्यांचं काय! फलकाचा तारखेसह फोटो माझ्याकडे आहे.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदी 18 महिन्यांनी लागू होणार, म्हणून तो रस्ता सध्या बंद धरलाय.

एक अडचण: आईचा हप्ता अजून जमा व्हायचाय, त्यामुळे तिच्या नावानं भांडण नको.

यादी झाकून लावण्यासाठी लेखी अर्ज त्याच कार्यालयाच्या प्रमुखाकडे द्यायचा, जिल्हाधिकारी कार्यालयात, की थेट आधार प्राधिकरणाकडे त्यांच्या 1947 या हेल्पलाइन नंबरवर? आणि मुलगा म्हणून मी माझ्या सहीनं दिला तर घेतात का?