१/१७ मधला सोळा अंकी आकडा गोल का फिरतो?

प्रश्न
मुलीचा आवर्ती दशांशाचा धडा घेताना १/१७ करून बघितलं. दशांशचिन्हानंतर ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक येतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. हा आकडा दोनने गुणला तर ११७६४७०५८८२३५२९४, तीनने गुणला तर १७६४७०५८८२३५२९४१. अंक तेच, क्रम तोच, फक्त सुरुवात दुसरीकडून! असं का होतं? आणि एक्सेलमध्ये दोनच्या गुणाकाराचा शेवटचा अंक ४ ऐवजी ० का येतोय?

प्रतिसाद १
एक्सेल पंधराच अंक धरतं, सोळाव्या जागी शून्य टाकतं. पायथॉनमध्ये करा, तिथे पूर्णांक कितीही लांब चालतो.

प्रतिसाद २
गुणाकार बाजूला ठेवा आणि मुलीला भागाकार कागदावर पूर्ण करू द्या. सगळी गंमत बाक्यांमध्ये आहे. १ वर शून्य घेऊन १०, भाग ०, बाकी १०. मग १००: सतरा पंचे पंच्याऐंशी, बाकी १५. मग १५०: भाग ८, बाकी १४. असं करत गेलात की बाक्या येतात त्या अशा:

१०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२, १

१ ते १६ मधली एकही सुटली नाही, एकही दोनदा आली नाही. आता २/१७ करायला घेतलं तर सुरुवात २ पासून. ही २ वरच्या साखळीत दहावी आहेच! म्हणजे तिथून पुढचा भागाकार अक्षरशः तोच, म्हणून अंक अकराव्या जागेपासून सुरू होतात: ११७६४७, मग ०५८८... सोळापर्यंत कुठल्याही संख्येने गुणा, हेच होणार. सतराने गुणलं की सोळा नऊ.

आणखी एक बघा. आठवी बाकी १६, म्हणजे सतराला एक कमी. तिथून पुढची प्रत्येक बाकी आठ घरं मागच्या बाकीत मिळवली की १७. म्हणून आकड्याचे दोन अर्धे मिळवले, ०५८८२३५२ आणि ९४११७६४७, की ९९९९९९९९. मला तर हे गोल फिरण्यापेक्षाही सुंदर वाटतं.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार! बाक्या लिहून काढल्यावर मुलीला लगेच उमगलं. पण तिने लगोलग १/१३ केलं, तिथे ०७६९२३ दोनने गुणलं की १५३८४६ येतं. वेगळेच अंक!

प्रतिसाद २
हुशार आहे! तेराला बाक्या येतात १०, ९, १२, ३, ४, १ आणि साखळी सहातच बंद होते. २ तिच्यात नाहीच, तिची साखळी निराळी. शंभरच्या आत सगळ्या बाक्या एकाच साखळीत ओवणाऱ्या मूळ संख्या नऊच: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. अशा मूळ संख्या अनंत असाव्यात, हे एमिल आर्टिन यांच्या १९२७ सालच्या अनुमानातून निघतं, पण त्याची सिद्धता अजून कुणाला मिळालेली नाही. तिला आता १/१९ करायला द्या, अठरा अंक येतील.