सासऱ्यांना उचलताना उसण भरली. मदत हवी आहे (सांगली)

कोमल_तासगाव
सासऱ्यांना खाटेवरून कमोडच्या खुर्चीवर घेताना कमरेत उसण भरली. मिस्टर पुण्याला, शनिवारी येतात. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणजे उचलायला मी एकटीच. कंबर न मोडता माणूस कसा उचलायचा एवढंच सांगा. 'बाई ठेवा' म्हणू नका, इकडे टिकत नाहीत.

नाना_विश्रामबाग
झालंय काय त्यांना? वजन किती? उभं राहता येतं का?

बाळू_मार्केटयार्ड
ताई, कमरेचा पट्टा घ्या. मी हळदीची पोती उचलताना तोच लावतो. काही होत नाही.

फिजिओ_मिरज
बाळूभाऊ, पोतं मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारत नाही. पट्ट्याने इजा टळते असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेच्या सूत्रावरून २००७ साली रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा काढली, ती साधारण १६ किलो. तीही रुग्ण साथ देत असेल तर. मोठं माणूस यात बसतच नाही. म्हणून उचलायचं नाही, सरकवायचं नाहीतर त्यांच्याच पायावर उभं करायचं. ताई, आजार काय ते सांगा.

बाळू_मार्केटयार्ड
अमेरिकेत पोती उचलतात का? निम्मं यार्ड पट्ट्यावर चाललंय.

सुमनकाकू_इस्लामपूर
पाठीला जखमा झाल्यात का गं? हवेची गादी घे, दोन-दोन तासांनी कूस बदल. आमच्या आत्याबाईंना फार त्रास झाला होता.

कोमल_तासगाव
जखमा नाहीत हो काकू, कमर माझी धरलीय! मामंजींना पॅरालिसिस झालाय, डावी बाजू. उजवा पाय टेकतात, धरलं तर थोडे उभे राहतात. सत्तरच्या वर वजन. मी काखेत हात घालते, ते माझ्या गळ्यात.

फिजिओ_मिरज
हे आधी सांगायचं ना! काखेतून ओढणं आजच बंद करा, लुळ्या बाजूचा खांदा निसटतो. गळ्यातला हातही नको, सगळा भार तुमच्या मणक्यावर येतो.

खुर्ची त्यांच्या उजव्या, चांगल्या बाजूला, खाटेला थोडी तिरकी लावा. ब्रेक लावा. त्यांना काठावर आणा, पावलं जमिनीवर सपाट आणि थोडी मागे. त्यांच्या कमरेला रुंद ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे रुग्णाला धरून उठवायचा पट्टा, बांधून तो धरा. तुमचा एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. तुमच्या गुडघ्याने त्यांच्या डाव्या गुडघ्याला अटकाव करा, नाहीतर तो दुमडतो. मग त्यांना पुढे झुकू द्या, नाक गुडघ्यांच्या पुढे आलं की बूड आपोआप सुटतं. 'एक, दोन, तीन' मोठ्याने म्हणा. वळताना पावलं टाका, कमर पिळू नका. चक्कर आली, पाय अजिबात धरेना, तर त्या वेळी खाटेवरच शौचाचं भांडं द्या.

नाना_विश्रामबाग
खाटेखाली विटा लावा. वाकायलाच नको.

निवृत्त_सिस्टर
नाना, मग मामंजींचे पाय जमिनीला लागणार कसे? अंग पुसायला उंच खाट बरी, उभं करायला नाही. भाड्याने बेड घेणार असाल तर उंची खालीवर होणारा मागा. साध्या फाउलर बेडचं फक्त डोकं आणि गुडघे वर होतात. मिरजेत सर्जिकलच्या दुकानांत विचारा.
खाटेवर उशीकडे वर सरकवायचं असेल तर जुनी चादर चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली घाला आणि दोघांनी ओढा. एकटीने नको, शनिवारपर्यंत शेजारणीला हाक मारा.
आणि कोमल, कळ पायात उतरते का? पाय बधिर, लघवीवर ताबा नाही, मांड्यांच्या मधे बधिरपणा, यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नको, लगेच दवाखान्यात जा.

बाळू_मार्केटयार्ड
ताई तासगावच्या ना? बेदाण्याला काय दर चाललाय?

कोमल_तासगाव
बेदाण्याचं माहीत नाही दादा. सिस्टर, कळ कमरेतच आहे, पायात नाही. सासूबाईंनी समोर उभं राहून 'पुढे वाका' म्हटलं की मामंजी ऐकतात, माझं ऐकत नाहीत. आज उठले बऱ्यापैकी. पण कमोडच्या खुर्चीला हाताचे दांडे पक्के आहेत, वळताना मांडी त्यावर आदळते. कापून घेऊ का?

फिजिओ_मिरज
कापू नका, आधार जाईल. दांडा खाली पाडता येणारी खुर्ची मिळते. आधी फोटो टाका, कदाचित मागे खटका असेल.