मदत हवी आहे: अँडी ग्रिफिथचा फुटबॉलवरचा एकपात्री प्रयोग मराठीत करताना

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. इथल्याच माउंट एअरी गावच्या अँडी ग्रिफिथ या विनोदी नटाने 1953 साली गाजवलेला अमेरिकन फुटबॉलवरचा एकपात्री प्रयोग मला मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मराठीतून करायचा आहे. त्यात खेड्यातला एक साधा धर्मोपदेशक गर्दीच्या रेट्यात स्टेडियमवर पोचतो. मैदान त्याला गायरान वाटतं, चेंडू भोपळा वाटतो आणि पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले पंच म्हणजे कैदी! काय निर्मळ विनोद आहे हा. तो कुणालाच हिणवत नाही, म्हणून मला फार आवडतो.

अडचण अशी की बघणाऱ्याला खेळ ठाऊक असतो आणि सांगणाऱ्याला नसतो, यातच सगळी गंमत आहे. आमच्याकडे मुलांना खेळ नीट कळतो, पण भारतातून आलेल्या आईबाबांना अमेरिकन फुटबॉल अजिबात माहीत नाही. आधी दोन मिनिटं खेळ समजावून सांगू, की सरळ क्रिकेटवर बेतू? क्रिकेटमध्ये ती झोंबाझोंबी कुठून आणायची? पण अंपायरचे हातवारे कामी येतील असं वाटतं.

शिवाय सांगणारा कोण ठेवावा? मला गावोगाव फिरणारे कीर्तनकारबुवा सुचतात. कुणाला पटत नसेल तर स्पष्ट सांगा, कारण बुवांचा मान राखूनच हसू यायला हवं.

प्रयोगासाठी रीतसर परवानगी कुणाकडे मागायची असते? असं रूपांतर कुणी रंगमंचावर केलं असेल तर जरूर लिहा.